पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन कुटुंबाचे मूळ गाव कसे शोधावे

जर्मन वंशाच्या अमेरिकन कुटुंबाचा मूळपुरुष शोधणारा माणूस बहुधा पहिल्याच बैठकीत फिलाडेल्फियाच्या प्रवासी याद्या उघडतो आणि हव्या त्या आडनावाचा एखादा योहान सापडला की वंशावळीत त्याचे नाव व जहाज लिहून मोकळा होतो. ही घाई पुढच्या सगळ्या शोधाला वाकडे वळण लावते. त्या याद्यांत माणसाचे मूळ गाव जवळजवळ कधीच दिलेले नसते, आणि योहान म्युलर किंवा योहान श्मिट ही नावे तर पुन्हापुन्हा येतात. म्हणून आधी अमेरिकेतील कागद संपवावेत, मग यादी वाचावी आणि सर्वांत शेवटी ऱ्हाईनच्या खोऱ्यातील गावाकडे वळावे, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

प्रारंभी कुटुंब कोणत्या लाटेबरोबर आले असावे, याचा अंदाज बांधावा. ६ ऑक्टोबर १६८३ रोजी ‘कॉन्कॉर्ड’ जहाजातून जर्मनीतील क्रेफेल्ड गावची १३ कुटुंबे फिलाडेल्फियाला उतरली आणि त्यांनी जर्मनटाउन वसवले. हे पहिले वसाहतकरी थोडे होते व त्यांचा अभ्यासही पुष्कळ झालेला आहे. १७०८-०९ च्या जीवघेण्या हिवाळ्यानंतर मात्र ऱ्हाईनच्या खोऱ्यातून हजारो लोक रॉटरडॅममार्गे लंडनला पोहोचले. त्यांची संख्या सुमारे १३,००० होती आणि त्यांपैकी सुमारे ३,००० जणांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. या लोकांसाठी तीन प्रकारचे कागद हाताशी आहेत: रॉटरडॅमहून निघतानाच्या याद्या, १७०९ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये घेतलेली पहिल्या तुकड्यांची गणना आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉबर्ट हंटर यांच्या शिधावाटपाचे हिशोब. शेवटच्या हिशोबांत कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे दहा वर्षांवरील व दहा वर्षांखालील माणसांची संख्या असते, त्यामुळे वर्षभरात घरात कोण जन्मले, कोण गेले याचा माग लागतो.

याच लोकांपैकी काही कुटुंबे १७२३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्कोहारी खोऱ्यातून सस्क्वेहाना नदीच्या वाटेने पेनसिल्व्हेनियातील टुल्पहॉकनला उतरली. १७१० मध्ये बापाबरोबर किशोरवयात आलेला आणि पुढे दुभाषा म्हणून प्रसिद्ध झालेला कॉनराड वायझर १७२९ मध्ये त्यांना जाऊन मिळाला. अशा घराण्याचा माणूस फिलाडेल्फियाच्या जहाजांत शोधत बसणारा वर्षे वाया घालवतो. यादीत नाव नसणे हासुद्धा एक पुरावा आहे आणि त्याचा अर्थ लावायला शिकले पाहिजे.

अमेरिकेतील कागदांत पहिला मान चर्चच्या नोंदवह्यांना द्यावा, कारण पेनसिल्व्हेनियात जन्म-मृत्यूची राज्यव्यापी सरकारी नोंद १९०६ मध्ये सुरू झाली. लुथरन व रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांची पुष्कळदा एकच इमारत असे पण वह्या वेगळ्या असत; तेव्हा दोन्ही पाहाव्यात. शिवाय फिरत्या पाळकांच्या खासगी वह्याही आहेत. योहान कास्पार श्टोव्हर या लुथरन पाळकाने १७३० पासून जवळपास अर्धशतक गावोगावी घोड्यावरून हिंडत केलेले बाप्तिस्मे व लग्ने स्वतःच्या वहीत लिहून ठेवली, आणि जिथे अजून चर्चच उभे राहिले नव्हते तिथली कुटुंबे या वहीत भेटतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांइतकेच लक्ष धर्मबाप आणि धर्मआई, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराची धार्मिक जबाबदारी घेणारी माणसे, यांच्याकडे द्यावे. परक्या देशात लेकरासाठी धर्मबाप निवडताना माणूस सख्ख्या भावाला, मेव्हण्याला किंवा मूळ गावच्या शेजाऱ्याला हाक मारतो. म्हणून त्या नावांची वेगळी वही ठेवावी, कारण गाव सापडण्याची किल्ली बहुतेक वेळा तिच्यातच असते.

त्यानंतर जमीन आणि मृत्युपत्रे. पेनसिल्व्हेनियात जमीन मिळवण्याच्या तीन पायऱ्या होत्या: मोजणीचा हुकूम, प्रत्यक्ष मोजणी आणि मालकीची सनद. हे कागद हॅरिसबर्ग येथील राज्य अभिलेखागारात आहेत. हुकुमाची तारीख माणूस तिथे केव्हा होता हे सांगते, तर सनद कधीकधी वीस-तीस वर्षांनी, मुलाच्या किंवा खरेदीदाराच्या नावाने निघालेली असते. मोजणीच्या नकाशावर चारही हद्दींच्या शेजाऱ्यांची नावे असतात. तीही वहीत उतरवावीत. काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सीमा बदलत गेल्या हे विसरू नये. लँकेस्टर काउंटी १७२९ मध्ये, यॉर्क १७४९ मध्ये आणि बर्क्स व नॉर्थहॅम्प्टन १७५२ मध्ये निर्माण झाल्या, म्हणजे एकाच शेतावर आयुष्य काढलेल्या माणसाचे कागद दोन ठिकाणी विभागलेले असू शकतात. मृत्युपत्राच्या मूळ प्रतीवरील सही शक्य असेल तर छायाचित्रासह मिळवावी. तिचा उपयोग पुढे येईल.

नावांचा प्रश्न सोडवल्याशिवाय यादीकडे जाऊ नये. जर्मन घरांत मुलाला दोन नावे देत आणि हाक मारायचे नाव बहुधा दुसरे असे. योहान गेओर्ग, योहान पेटर आणि योहान याकोब हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात आणि घरात ते गेओर्ग, पेटर व याकोबच असतात. योहानेस हे मात्र स्वतंत्र, पूर्ण नाव आहे. स्त्रियांच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागतो. म्युलरिन म्हणजे म्युलरची बायको किंवा मुलगी. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले, आणि दक्षिण जर्मन बोलींत ब-प, द-ट, ग-क यांचे उच्चार जवळजवळ सारखे असल्याने आडनाव अनेक अक्षरांखाली शोधावे लागते. ह्यूबरचे हूव्हर झाले, आयझनहाउअरचे आयझेनहॉवर झाले. काही घरांनी तर आडनावाचे भाषांतरच केले आणि त्सिमरमान कार्पेंटर झाला, श्वार्ट्स ब्लॅक झाला. एकाच माणसाची दोन मुले दोन वेगळी रूपे वापरताना दिसली तर दचकू नये.

आता यादी. परकीयांची वाढती संख्या पाहून पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतिक मंडळाने सप्टेंबर १७२७ मध्ये असा ठराव केला की जहाजाच्या कप्तानाने आणलेल्या लोकांची यादी द्यावी आणि त्या लोकांनी राजनिष्ठेच्या जाहीरनाम्यावर सही करावी. ‘विल्यम अँड सारा’ हे पहिले जहाज त्याच महिन्यात दाखल झाले. त्यावर १०९ पॅलाटाइन, म्हणजे ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट प्रदेशातले, पुरुष होते आणि बायकामुले धरून माणसे सुमारे ४०० होती. या दोन आकड्यांमधले अंतर नीट लक्षात घ्यावे, कारण पुढच्या जवळजवळ अर्ध्या शतकाच्या याद्यांचे स्वरूप त्यातच आहे. सही फक्त सोळा वर्षांवरील पुरुषांची घेतली जाई. बायका, मुले आणि आजारामुळे जहाजावरच राहिलेले पुरुष सहीच्या यादीत बहुधा येतच नाहीत. ‘पॅलाटाइन’ हा शब्दही शब्दशः घेऊ नये. वुर्टेम्बर्ग, बाडेन, अल्सास आणि स्वित्झर्लंडच्या लोकांनाही कारकून तेच नाव देत.

एका जहाजाच्या तीन याद्या असू शकतात आणि अभ्यासक त्यांना ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ म्हणतात. ‘ए’ ही कप्तानाची यादी असून तिच्यातली नावे इंग्रजी कानाने लिहिलेली आहेत. तिच्यात काही वेळा वये आणि बायकामुलांची नावे असतात, म्हणून ती मोलाची. पण पुष्कळ जहाजांची ‘ए’ यादी आता उरलेली नाही. ‘बी’ मध्ये राजनिष्ठेच्या शपथेच्या सह्या आहेत आणि ‘सी’ मध्ये ब्रिटिश गादीवर दावा सांगणाऱ्या स्ट्युअर्ट घराण्याचा हक्क नाकारणाऱ्या शपथेच्या. तिन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणतेही नाव पक्के मानू नये, कारण ‘ए’ मधले ओळखू न येणारे नाव ‘सी’ मध्ये त्या माणसाच्या स्वतःच्या हातचे, नीट जर्मन रूपात मिळते. राल्फ स्ट्रासबर्गर आणि विल्यम हिंके यांनी या याद्या १९३४ मध्ये तीन खंडांत छापल्या आणि त्यांतील एका खंडात सह्यांच्या हुबेहूब प्रतिमा दिल्या. मृत्युपत्रावरील सही मिळवून ठेवायची ती यासाठीच. एकाच नावाचे तीन माणूस तीन जहाजांवर असतील, तर अक्षराचे वळण त्यांतला आपला कोणता ते पुष्कळदा सांगून जाते. ज्याला लिहिता येत नसे त्याचे नाव कारकून लिही आणि तो फुली किंवा आद्याक्षराची खूण करी. यादीवर सुंदर सही करणारा माणूस वीस वर्षांनी दस्तावर फुली मारताना दिसला, तर बहुधा माणूसच दुसरा आहे.

आपल्या माणसाच्या मागची-पुढची वीस नावेही उतरवावीत आणि ती धर्मबापांच्या व शेजाऱ्यांच्या वहीशी ताडून पाहावीत. दोन्हीकडे तीन-चार नावे जुळली तर जहाज बरोबर असण्याची शक्यता एकदम वाढते, कारण एका गावचे लोक एकत्र निघत, एकत्र सही करीत आणि जवळजवळ जमीन घेत. यांपैकी एकाचेही गाव आधी सिद्ध झालेले असेल, तर आपला शोध त्या गावापासून आणि त्याच्या भोवतालच्या गावांपासून सुरू करावा.

तारखांचे दोन सापळे आहेत. ब्रिटिश वसाहतींत सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती आणि १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, तर जर्मन प्रोटेस्टंट संस्थानांनी नवी दिनदर्शिका १७०० मध्येच घेतली होती. म्हणून दोन्हीकडच्या तारखांत ११ दिवसांचा फरक पडतो. दुसरा सापळा ऋतूंचा. गॉटलीब मिटेलबर्गर या जर्मन प्रवाशाने १७५० मध्ये हा प्रवास केला आणि मेच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो चालतो असे लिहून ठेवले. हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत त्याने ३६ जकातनाकी मोजली. त्यापुढे रॉटरडॅममधला मुक्काम, इंग्लंडमधील काउझ बंदर आणि मग महासागर. यावरून एक साधी कसोटी मिळते. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात सही करणारा माणूस त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गावच्या चर्चमध्ये लेकराचा बाप्तिस्मा करताना दिसत असेल, तर तो आपला माणूस नव्हे.

जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चच्या पुष्कळशा वह्या ‘आर्किऑन’ या सशुल्क संकेतस्थळावर आणि बऱ्याच कॅथलिक वह्या ‘मात्रिकुला’वर विनामूल्य पाहता येतात. त्या कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. जुने मोडी दस्त वाचलेल्याला ही मेहनत नवी नाही: सुटे अक्षर ओळखण्यापेक्षा त्या विशिष्ट पाळकाचे वळण ओळखावे लागते, विशेषतः ई आणि एन यांचे, कारण ते सारखेच दिसतात. १६१८ ते १६४८ चे तीस वर्षांचे युद्ध आणि १६८८ नंतर फ्रेंच फौजांनी केलेली जाळपोळ यांत अनेक वह्या नष्ट झाल्या, त्यामुळे सतराव्या शतकापलीकडे जाण्याची आशा बेताचीच ठेवावी. नैर्ऋत्य जर्मनीत पुष्कळ शेतकरी वेठबिगार होते; त्यांना सुटकेची परवानगी घेऊन आणि मालमत्तेचा ठरावीक हिस्सा भरून निघावे लागे. हे अर्ज संस्थानिकांच्या दप्तरांत आहेत, उदाहरणार्थ बाडेनचे दप्तर कार्ल्सरूहे येथे, आणि त्यांत कित्येकदा ‘पेनसिल्व्हेनियाला जाण्यासाठी’ असे स्पष्ट लिहिलेले असते. जे परवानगीविना निघाले त्यांची नावे नंतर वारसाहक्काच्या भांडणात उगवतात, म्हणून आईबापांच्या मृत्यूनंतरची वाटणीपत्रेही पाहावीत.

गाव सापडल्यासारखे वाटले की संपूर्ण कुटुंब मांडावे. पत्नीचे नाव, प्रत्येक मुलाचा जन्म आणि बाप्तिस्म्याचे धर्मबाप हे सगळे अमेरिकेतल्या माहितीशी जुळले पाहिजेत, आणि निघण्याच्या वर्षानंतर ते कुटुंब गावच्या वहीतून नाहीसे झालेले दिसले पाहिजे. शेवटी त्या गावची मृत्यूंची वही पुढची चाळीस वर्षे वाचावी. आपला मानलेला योहान तिथेच पुरलेला आढळला, तर वंशावळीतून त्याचे नाव खोडावे आणि धर्मबापांच्या वहीतल्या पुढच्या नावाकडे वळावे.