ल्युअर आधी ठरवा, रॉड मग

अमेरिकेत लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा) पकडायला पहिला रॉड-रीलचा सेट घेताय ना, मग आधी ल्युअर, म्हणजे माशाला भुलवायचं नकली आमिष, कोणता वापरणार ते ठरवा, रॉड (मासेमारीची काठी) नंतर. क्रँकबेटला (छोट्या माशासारखा दिसणारा कडक ल्युअर) तीन तोंडांचे बारीक गळ असतात, ते माशाच्या तोंडात जेमतेम अडकतात, त्यामुळे कडक रॉडने हिसका दिला की मासा सुटलाच समजा, तिथे मधल्यापर्यंत वाकणारा मॉडरेट अॅक्शनचा ७ फुटी रॉड घ्या आणि रील (दोरी गुंडाळायचं चक्र) ५:१ किंवा ६:१ ची, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, पाच-सहा वेळा फिरतो, ल्युअर आपोआप हळू येतो. जिग (वजनदार डोक्याचा गळ) किंवा टेक्सास रिगला (मऊ प्लॅस्टिकच्या आमिषात लपवलेला गळ) बरोबर उलटं! जाड एकच गळ, तो जबड्यात घुसवायचा तर हेवी (ताकदवान), फास्ट (फक्त टोकाकडे वाकणारा) रॉड हवा आणि ७:१ च्या वरची रील, सैल दोरी पटकन गोळा होते. पाण्यातल्या गवतात फ्रॉग (बेडकासारखा ल्युअर) टाकायचा असेल तर तोच हेवी रॉड चालतो, फक्त ५० पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, लावा. ड्रॉप शॉटसारखं (गळ वर, वजन खाली अशी मांडणी) हलकं काही असेल तर स्पिनिंग रीलच (रॉडच्या खाली लटकणारी), २५०० साइज.

बजेट एकाच रॉडचं असेल तर माझ्या मते ७ फुटी मीडियम हेवी फास्ट, डोळे झाकून.