तापलेल्या खोलीतला योग आणि आहारशुद्धी यांचा मेळ कसा घालावा

हॉट योगाचा वर्ग नियमित करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी त्याच्या जोडीने आहारशुद्धी, म्हणजे बोलीत ज्याला सरसकट डिटॉक्स म्हटले जाते, ती करून पाहावीशी वाटते. घामावाटे एक सफाई आणि आहारातून दुसरी, म्हणजे फायदा दुप्पट, असा साधा हिशोब त्यामागे असतो. हा हिशोब चुकीच्या बाजूने मांडलेला आहे. उपवासवजा आहार आणि तापलेली खोली या दोन्ही गोष्टी शरीरातल्या एकाच साठ्यावर, म्हणजे पाणी आणि मीठ यांवर, हात मारतात. त्यामुळे एकीचा जोर वाढवायचा असेल तेव्हा दुसरीचा कमी करायचा, हा नियम पाळला तर दोन्ही एकाच महिन्यात सुखाने नांदू शकतात.

हे का घडते ते आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे वेळापत्रक त्यावरच बेतलेले आहे. बिक्रम चौधुरी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत 26 आसने आणि दोन श्वसनप्रकार 90 मिनिटांत करतात आणि खोलीचे तापमान सुमारे 40 अंश सेल्सियस, आर्द्रता सुमारे 40 टक्के ठेवतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा याहून वर जातो हे खरे, पण तिथली हवा कोरडी असते आणि घाम लगेच वाळून अंग थंड करतो, शिवाय त्या उन्हात कोणी दीड तास तोल सांभाळत एका पायावर उभे राहत नाही. बंद, दमट खोलीत घाम नुसता निथळतो आणि त्याच्या मानाने अंग थंड होत नाही. अशा एका वर्गात एक ते दीड लिटर घाम जाणे नवलाचे नाही. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम असते, म्हणजे चहाचा अर्धा चमचा मिठाइतके. व्यक्तीप्रमाणे हे प्रमाण अर्ध्यापासून दुपटीपर्यंत बदलते. वर्गानंतर काळ्या टी-शर्टवर पांढरट कडा उमटत असतील, तर आपला घाम खारट आहे असे समजावे.

आता आहाराची बाजू पाहू. खाणे एकदम कमी केले, विशेषतः भात, पोळी, भाकरी बंद केली, की रक्तातले इन्सुलिन उतरते आणि इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे एरवी राखून ठेवत असलेले सोडियम लघवीवाटे सोडू लागतात. त्याच वेळी यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा खर्च होतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर बांधलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा दीड-दोन किलो खाली येतो तो मुख्यतः यामुळे. ती चरबी नव्हे. याच दिवसांत गरम खोलीत उभे राहिले की त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आधीच घटलेले रक्ताचे आकारमान अपुरे पडते आणि पादहस्तासनातून वर येताना किंवा उष्ट्रासनातून बाहेर पडताना डोळ्यांपुढे अंधारी येते. याला पुष्कळदा ‘विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे गोंडस नाव दिले जाते. घाम हा जवळजवळ सगळा पाणी आणि क्षार असतो. शरीरातील टाकाऊ पदार्थ निपटण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि मूत्रपिंडांना ते करायला पुरेसे पाणी लागते.

परंपरेचा दाखला देऊन ही जोडी खपवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात साधकाने काय टाळावे याची जी यादी आहे, तिच्यात अग्निसेवन (विस्तवाशी शेकणे) आणि उपवासादी कायक्लेश हे दोन्ही एकाच श्लोकात येतात. तिथे शिफारस आहे ती मिताहाराची, म्हणजे स्निग्ध, मधुर अन्न घेऊन पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्याची. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत स्वेदन, म्हणजे घाम काढण्याचा उपचार, कोणाला देऊ नये हे सांगताना तहानलेला, भुकेलेला, थकलेला आणि दुर्बल माणूस, गर्भवती स्त्री आणि मधुमेही यांची नावे आहेत. या ग्रंथांपुढे आजचे वातानुकूल यंत्र उलटे चालवलेले वर्ग नव्हते हे मान्य. तरीही भुकेल्या माणसाला घाम काढायला लावू नये, हे त्यांचे सांगणे आजच्या शरीरशास्त्राशी चांगलेच जुळते.

यावरून आहारशुद्धीची निवड कशी करावी हे ठरते. सर्वांत निर्धोक प्रकार म्हणजे तळलेले, पाकीटबंद, मद्य, साखर आणि अति चहा-कॉफी वगळून चार-पाच दिवस साधे घरचे जेवण घेणे: मुगाची खिचडी आणि तूप, ज्वारीची भाकरी, उकडलेली किंवा कमी तेलातली भाजी, ताक, नाचणीची आंबील, फळे. यात पोट भरते, मीठ मिळते, म्हणून याच्यासोबत गरम वर्ग चालू ठेवता येतो. फक्त आठवड्याला चार वर्ग करत असाल तर दोन करावेत आणि त्यांत किमान एक दिवसाचे अंतर ठेवावे. दुसरा प्रकार नुसत्या रसांचा किंवा नुसत्या फळांचा. यात उष्मांक तर कमी असतातच, पण सोडियम जवळजवळ नसते, म्हणून या दिवसांत तापलेली खोली पूर्ण वर्ज्य समजावी आणि घरी पंख्याखाली सावकाश आसने, प्राणायाम आणि शवासन एवढ्यावर थांबावे. तिसऱ्या प्रकारात नुसत्या पाण्यावरचे उपास, निर्जळी, सोनामुखीसारखी रेचके आणि शंखप्रक्षालन (मिठाचे पाणी पिऊन आतडी धुण्याची योगक्रिया) येतात. रेचकांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. शंखप्रक्षालन तर जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावे, आणि त्याच्या रूढ पद्धतीतच नंतर तूप घातलेली मऊ खिचडी आणि विश्रांती सांगितलेली आहे. हे प्रकार करायचेच असतील तर आधीचे दोन आणि नंतरचे किमान तीन दिवस गरम वर्गाला सुट्टी द्यावी.

धार्मिक उपास करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीप्रमाणे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि वऱ्याचे तांदूळ खाणाऱ्याला ऊर्जेची चणचण भासत नाही; त्याने जड फराळ आणि वर्ग यांत तीन तासांचे अंतर ठेवले म्हणजे पुरे. नवरात्राचे नऊ दिवस एका वेळच्या फराळावर काढणाऱ्याने मात्र वर्ग बिनतापाच्या खोलीत करावा. उपासाला चालणारे सैंधव सोडियमच्या दृष्टीने साध्या मिठासारखेच असते, त्यामुळे ते ताकात घालून घ्यायला हरकत नाही.

आरंभाचा क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कधीही सुरू करू नयेत. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो, पण त्यातले मीठ कमी होते. म्हणून आधी तीन-चार आठवडे नेहमीच्या जेवणावर वर्ग करावा, आपल्याला किती घाम येतो ते मोजावे आणि मगच आहारात बदल करावा. मोजण्याची रीत अशी: वर्गाआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करावे, वर्गानंतर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा करावे, आणि वर्गात प्यायलेले पाणी त्या फरकात मिळवावे. समजा, आधी वजन 60.0 किलो होते, नंतर 59.3 भरले आणि मधे 400 मिलिलिटर पाणी प्यायले, तर घाम सुमारे 1.1 लिटर गेला. काट्यावर उरलेल्या 700 ग्रॅमच्या तुटीसाठी पुढच्या दोन-तीन तासांत, घोटाघोटाने, साधारण 900 मिलिलिटर ते एक लिटर द्रव घ्यावे, कारण प्यायलेल्यातला काही भाग लघवीवाटे जातोच. वर्गानंतरची तूट वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक, म्हणजे या उदाहरणात 1.2 किलोहून जास्त असेल, तर वर्गात पाणी कमी पडते आहे. आहारशुद्धीच्या काळात सकाळचे वजन मुळातच उतरलेले असते, त्यामुळे तुलना नेहमी त्याच दिवसाच्या आधीच्या आकड्याशी करावी.

काय प्यावे, याबाबत नारळपाण्याची कीर्ती त्याच्या कामगिरीहून मोठी आहे. त्यात पोटॅशियम भरपूर असते, पण घामात जाते ते प्रामुख्याने सोडियम, आणि ते नारळपाण्यात त्या मानाने थोडे असते. चिमूटभर मीठ घातले तर ते उपयोगी ठरते. त्यापेक्षा मिठाचे पातळ ताक किंवा कोकमाचे सरबत बरे. पाच-सहा आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालावीत, कोळून गाळावीत, लिटरभर पाण्यात गूळ, जिरेपूड आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. आमसुलांना मीठ लावलेले असेल तर चव पाहून कमी करावे. घरगुती जलसंजीवनीतही लिटरला तेवढेच मीठ आणि सहा सपाट चमचे साखर असते. नुसते पाणी मात्र लिटरच्या लिटर ढोसू नये. उपाशीपोटी, खूप घाम गेल्यावर केवळ साधे पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोके ठणकणे, मळमळ, बोटे सुजणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची चिन्हे, आणि ती निर्जलीकरणाची समजून आणखी पाणी पाजणे घातक ठरते. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मिठाचे हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

रस घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुधी भोपळ्याचा रस काढण्यापूर्वी त्याची एक चकती चाखून पाहावी आणि ती कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यावा, कारण त्यातील कुकुरबिटासिन या कडू विषारी द्रव्यामुळे रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झालेले आहेत. आवळा-आले घालून कडूपणा झाकणे तर मुळीच नको. पालकाचा कच्चा रस रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास ऑक्झलेटचा भार वाढतो, आणि घामामुळे लघवी कमी व दाट होत असताना मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना तो विशेष बाधतो.

सौम्य आहारशुद्धीच्या दिवशी वर्ग असेल तर त्याची आखणी अशी करता येते. सकाळी दहाच्या वर्गासाठी सातच्या सुमारास आंबील किंवा मऊ खिचडी घ्यावी, नऊ वाजता एक केळे आणि वाटीभर खारट ताक. खोलीत दाराजवळची जागा धरावी; तिथली हवा किंचित थंड असते आणि बाहेर पडणे सोपे जाते. आसनांत नेहमी जितके खोल जाता त्याच्या तीन-चतुर्थांशावर थांबावे, कारण उष्णतेने स्नायू सैल वाटतात आणि थकलेल्या शरीराला ताण कुठे थांबवायचा ते नीट कळत नाही. मांडीमागचे स्नायू असेच दुखावतात. शेवटच्या कपालभातीचे आघात निम्म्यावर आणावेत. वर्गानंतर अर्ध्या-पाऊण तासात जेवावे, नुसत्या ग्रीन टीवर दुपार काढू नये.

काही वर्गांत ‘काही झाले तरी खोली सोडायची नाही’ असा दंडक असतो. तो मानू नये. उष्णतेतही अंगावर काटा येणे, हुडहुडी भरणे, घाम एकाएकी थांबणे, छातीत धडधड वाढत जाणे यांपैकी काहीही जाणवले की खाली बसावे आणि मग सावकाश बाहेर जावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून अंगावर थंड पाणी ओतत, पंखा लावून, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

गर्भवती स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, खाण्याच्या विकारातून गेलेल्या व्यक्ती आणि हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी ही जोडी करूच नये. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर उपाशी राहिल्यास साखर झपाट्याने उतरते, तर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर उपास आणि निर्जलीकरण एकत्र आले की साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे आणि लिथियम घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे.

आहारशुद्धी संपली की दुसऱ्याच दिवशी पूर्ण 90 मिनिटांचा वर्ग गाठण्याची घाई असते. रसांचे तीन दिवस झाले असतील तर पहिल्या दिवशी मऊ भात, वरण, ताक. दुसऱ्या दिवशी नेहमीचे जेवण आणि हवे तर बिनतापाची आसने. गरम खोली तिसऱ्या दिवशी, तीही सकाळचे वजन स्थिर झालेले असेल आणि लघवी फिकट पिवळी असेल तरच. आठवड्याहून अधिक लांबलेला कडक उपास सोडताना क्षारांची पातळी एकदम ढासळू शकते, म्हणून तो वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावा आणि गरम वर्गाचा विचार त्यानंतर किमान आठवडाभर तरी पुढे ढकलावा.