जावास्क्रिप्ट: बिल्ट-इन फंक्शनमधून आपलं जादा आर्ग्युमेंट कसं पाठवायचं

सोपं आधी उरकू. सेटटाइमआउटला (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्याला) फंक्शन, मग मिलिसेकंद, आणि त्यापुढे स्वल्पविराम देत हवी तेवढी आर्ग्युमेंट्स (फंक्शनला पुरवायची माहिती) द्या. ती तुमच्या फंक्शनला मिळतात. फंक्शनच्या नावापुढे कंस लावू नका. लावलात की ते तिथल्या तिथे चालतं आणि टायमर रिकामाच राहतो.

आता मॅप, म्हणजे अ‍ॅरेतल्या (यादीतल्या) प्रत्येक घटकावर तुमचं फंक्शन चालवून उत्तरांची नवी यादी देणारा. मी अडकलो तो इथे. कळमना मार्केटमधल्या एका संत्रा-अडत्यासाठी हिशेबाचं पान करत होतो. क्रेटचे आकडे फॉर्ममधून मजकूर म्हणून यायचे: '10', '10', '10'. मॅपला मी नुसतं पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) देऊन टाकलं. उत्तर आलं 10, नॅन (NaN, म्हणजे 'संख्या नाही'), 2. नॅन निदान डोळ्यांत खुपतो. खरा धोका त्या 2 चा, कारण पानावर तो अगदी खरा आकडा दिसत होता.

झालं काय, तर तुमच्या फंक्शनला हाक तुम्ही मारत नाही, मॅप मारतो. आणि दर वेळी तो तीन गोष्टी हातात ठेवतो: घटक, त्याचा 0 पासून मोजलेला क्रमांक, अख्खा अ‍ॅरे. पार्सइंटचं दुसरं आर्ग्युमेंट म्हणजे संख्येचा पाया, आणि क्रमांक नेमका तिथे जाऊन बसला. पाया 0 म्हणजे न दिल्यासारखाच, म्हणून 10. पाया 1 चालतच नाही, म्हणून नॅन. पाया 2 मध्ये '10' म्हणजे 2.

'पार्सइंट काढ, नंबर टाक' असं मला तेव्हा सांगितलं गेलं. नंबर हे मजकुराची संख्या करणारं फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेतं, म्हणून तेवढ्यापुरतं भागतं. दुखणं तसंच राहतं. उद्या तुमचंच रक्कम(वजन, दर) नुसतं मॅपला द्याल, तर दर म्हणून 0, 1, 2 जातील, डिफॉल्ट दर लिहून ठेवलेला असला तरी. 'मॅपच्याच दुसऱ्या जागी दर द्या' हा सल्ला तर साफ चूक. ती जागा धिसची (फंक्शनच्या आत this म्हणून दिसणाऱ्या वस्तूची) आहे, दराची नव्हे.

अ‍ॅरो फंक्शनमध्ये (=> ने लिहिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये) गुंडाळा आणि ते मॅपला द्या:

वजन => रक्कम(वजन, दर)

(देवनागरी नावं जावास्क्रिप्टला चालतात.) काय कुठे जातं ते लिहिलेलंच दिसतं. फिल्टर, फॉरईचलाही हेच.

बाइंड (फंक्शनची काही आर्ग्युमेंट्स आधीच भरून नवं फंक्शन देणारा) 2009 च्या ईएस5 या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीपासून आहे, पण तो आर्ग्युमेंट्स पहिल्यापासून क्रमाने भरतो. दर आधी घेणारं फंक्शन असेल तरच वापरा. शिवाय दर वेळी तो नवं फंक्शन देतो. बटणावरचा लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) नंतर काढायचा असेल, तर ते आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि लावताना-काढताना तेच द्या, नाहीतर लिसनर निघत नाही आणि एररही येत नाही.