जुन्या गाडीचा कार्बोरेटर बदलताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीच्या रांगेत दिसत नाही, परंतु अनेक घरांत ती अजूनही जिव्हाळ्याने सांभाळली जाते. तिच्याबरोबर ॲम्बेसेडर, मॉरिस मायनर आणि इतरही जुन्या गाड्या आहेत. सिग्नलला बंद पडणारे इंजिन, चढावर बसणारे धक्के किंवा बॉनेट उघडताच येणारा पेट्रोलचा वास या तक्रारी घेऊन मालक गॅरेजमध्ये जातो आणि बहुतेक वेळा एकच निदान ऐकतो: कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) गेला, नवा टाका. मग मूळचा दुरुस्त करून घ्यावा की बाजारातला नवा घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर घाईत दिल्यामुळे चांगले मूळ कार्बोरेटर भंगारात जातात, म्हणून कोणत्या चुका टाळायच्या ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

दोष दुसरीकडे असताना कार्बोरेटर बदलणे

इग्निशनमधील, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतील, बिघाड कार्बोरेटरच्या बिघाडासारखाच भासतो. ठिणगी पाडणारे झिजलेले पॉइंट, तापल्यावर दगा देणारा त्यांचा कंडेन्सर, घसरलेले टायमिंग (ठिणगीची वेळ) किंवा कोरडी पडलेली प्लगची वायर यांपैकी कशामुळेही इंजिन मिसिंग करते आणि पिकअप घेत नाही. त्यामुळे आधी पॉइंट, प्लग आणि टायमिंग तपासावे, व्हॉल्व्हचे क्लिअरन्स पाहावे, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि त्यानंतरच कार्बोरेटरला हात लावावा. हा क्रम न पाळता नवा कार्बोरेटर बसवला, तर जुना दोष जागेवरच राहतो आणि नव्या जुळणीतले दोष त्यात मिसळतात. पुढे कोणता बिघाड कशाचा हे ओळखणे अनुभवी मेकॅनिकलाही जड जाते.

झीज कुठे आहे हे न पाहता मूळ कार्बोरेटर टाकून देणे

पद्मिनीवरील सोलेक्स ३२ पीबीआयसीसारख्या कार्बोरेटरमध्ये सर्वांत महत्त्वाची झीज थ्रॉटल शाफ्टच्या, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या, जागी होते. वर्षानुवर्षे फिरून शाफ्ट आणि बॉडीतले भोक यांच्यात फट पडते आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. हा दोष आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन सुरू असताना) सर्वाधिक जाणवतो, कारण त्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, मॅनिफोल्डमधील (इंजिनकडे जाणाऱ्या नळीतील) व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनला लागणारी एकूण हवा थोडीच असते. अशा वेळी फटीतून आलेली जराशी हवासुद्धा मिश्रण पातळ करते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. गाडी वेगात असताना मात्र तेवढ्या हवेने फारसा फरक पडत नाही. हायवेवर उत्तम धावणारी आणि दादरच्या गर्दीत वारंवार बंद पडणारी गाडी असेल, तर संशय प्रथम इथे घ्यावा.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलिंगला असताना शाफ्टच्या दोन्ही टोकांवर इंजिन ऑइलचे थेंब सोडावेत. फट तेलाने क्षणभर बुजून इंजिनचा आवाज बदलला, तर शाफ्ट हवा ओढत आहे हे स्पष्ट होते. यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे वापरू नये, कारण तापलेला एक्झॉस्ट जवळच असतो. असा शाफ्ट चांगल्या लेथवाल्याकडून बुश बसवून पूर्ववत करता येतो. नट अवाजवी आवळल्यामुळे फ्लँज (कार्बोरेटर इंजिनवर टेकतो ती सपाट कड) वाकला असेल, तर तो सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून घासता येतो. निडल व्हॉल्व्ह (पेट्रोलची आवक थांबवणारी सुई), पॅकिंग आणि पंपाचा डायफ्रॅम हे दुरुस्तीच्या किटमधून बदलायचे भाग आहेत. बॉडीला तडा गेला असेल किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर दमट हवेने पांढरी भुकटी धरून आतले मार्ग खाल्ले गेले असतील, तेव्हाच बॉडी निकामी समजावी. माझे मत स्पष्ट आहे: बॉडी धड असेल तर नीट दुरुस्त केलेला मूळ कार्बोरेटर स्वस्त नकलेपेक्षा निश्चितपणे चांगला.

दुरुस्तीतही एक मोठी चूक होते, ती म्हणजे जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकाच्या भागात) तार घालून साफ करण्याची. सोलेक्सच्या मेन जेटवरील १२० हा आकडा १.२० मिलिमीटर व्यासाचा असतो. पितळ मऊ असल्यामुळे तारेने भोक १.२५ झाले, तर क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकावा.

बसतो म्हणजे चालेल असे समजणे

कुर्ला आणि चोर बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारा माल एकाच जातीचा नसतो. त्यात जुन्या गाडीतून काढलेला, कधीही न वापरलेला जुना साठा आणि केवळ नावाचा ठसा मारलेली नक्कल असे तिन्ही प्रकार असतात. फ्लँजचे बोल्ट जुळले की दुकानदार ‘बसतो’ म्हणतो आणि ग्राहक समाधान मानतो. पीबीआयसीच्या नावातील ३२ हा थ्रॉटल बोअरचा मिलिमीटरमधील आकार असून, आतला व्हेंच्युरी (हवेचा वेग वाढवणारा अरुंद भाग), मेन जेट, एअर जेट आणि आयडल जेट हे त्या त्या इंजिनाप्रमाणे ठरतात. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम देणारी नळी, चोकची केबल आणि ॲक्सिलरेटरची लिंकेज यांच्या जागाही तपासाव्यात. खरेदीला जाताना आपला जुना कार्बोरेटर सोबत न्यावा, शाफ्ट धरून हलवून पाहावा आणि जेटवरचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, ही समजूतही महागात पडते. वेबर ३२/३६ हा दोन बॅरलचा कार्बोरेटर दर्जेदार आहे, मात्र पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर तो अडॅप्टर लावून तसाच बसवला, तर व्हेंच्युरीतील हवेचा वेग अपुरा पडतो, जेटमधून पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि कमी वेगात गाडी मंदावते. पुन्हा सगळे जेट बदलून जुळवण्याची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊ नये. एसयू या बनावटीचे कार्बोरेटर असलेल्या ब्रिटिश गाड्यांची स्थिती वेगळी आहे, कारण बर्लन ही इंग्लंडमधील कंपनी एसयूचे अस्सल नवे कार्बोरेटर आणि सुटे भाग आजही बनवते. तिथे नक्कल घेण्याचे कारण उरत नाही.

आजचे पेट्रोल विसरणे

मुंबईच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे ई२० पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर ई२० ला सुमारे १३.५ पट पुरते. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होते आणि इंजिन जास्त तापू शकते. मेन जेट एक पायरी मोठा घेणे अनेकदा योग्य ठरते. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा फ्लोट बाऊल (कार्बोरेटरमधील पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवावा. किट घेताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, म्हणजे व्हिटॉनचे भाग आहेत का, हे आवर्जून विचारावे.

इलेक्ट्रिक पंप बसवला असेल, तर दाब रेग्युलेटरने नियंत्रित करावा, अन्यथा निडल व्हॉल्व्ह उचलला जाऊन ओव्हरफ्लो होतो आणि दोष विनाकारण कार्बोरेटरवर येतो.

पन्नास वर्षांवरील गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असल्यास ती मूळ स्वरूपात असणे आवश्यक असते, म्हणून बदललेला मूळ कार्बोरेटर त्याच्या जेटच्या आकड्यांच्या नोंदीसह जपून ठेवावा. नवा असो वा दुरुस्त केलेला, बसवल्यानंतर इंजिन पूर्ण तापवून मगच मिक्स्चर स्क्रू जुळवावा, दूरवर चालवून प्लगचा रंग पाहावा आणि पीयूसी केंद्रावर आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइड तपासून घ्यावा. या जुन्या गाड्यांसाठी मर्यादा ३ टक्के आहे, आणि आकडा तिच्याजवळ जात असेल तर मिश्रण अजून जाड आहे असे समजून स्क्रू थोडा आवळावा.