तर्कशास्त्र शिकताना या चुका टाळा: घोळ बहुतेक वेळा मराठी वाक्यातच असतो

अकरावीला तर्कशास्त्र घेणाऱ्या मुलांना सत्यता कोष्टकाची (विधानं केव्हा खरी, केव्हा खोटी हे मांडणाऱ्या तक्त्याची) भीती वाटते. कोष्टक दोन-तीन आठवड्यांत हाताला बसतं. गुण जातात ते त्याच्या आधी, वाक्य वाचताना. ‘च’, ‘तरच’, ‘सगळे’, ‘किंवा’ हे शब्द आपण दिवसभर वापरतो, त्यामुळे ते नीट वाचावे लागतात हेच लक्षात येत नाही.

पहिली आणि सगळ्यात खोल रुजलेली चूक म्हणजे ‘सत्य’ आणि ‘वैध’ एकच समजणं. सत्य किंवा असत्य असतं ते विधान. वैध किंवा अवैध असतो तो युक्तिवाद. ‘सर्व मासे झाडावर राहतात. बांगडा हा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर राहतो.’ हा युक्तिवाद वैध आहे. पहिलं आधारविधान धडधडीत खोटं आहे, पण दोन्ही आधारविधानं खरी मानली तर निष्कर्ष टाळता येत नाही, आणि वैधता एवढंच विचारते. आता उलट बाजू पाहा: ‘पुणे महाराष्ट्रात आहे. नागपूर महाराष्ट्रात आहे. म्हणून नागपूर पुण्याच्या पूर्वेला आहे.’ तिन्ही विधानं खरी, तरी युक्तिवाद अवैध. शंका आली की सांगाडा तसाच ठेवून नावं बदला. नागपूरच्या जागी मुंबई घाला. आधारविधानं खरीच राहतात, निष्कर्ष मात्र खोटा पडतो. असं एक उदाहरण सापडलं तरी अवैधता सिद्ध होते.

दुसरी चूक जर-तरची. ‘वीज गेली तर पंखा बंद पडतो. पंखा बंद आहे. म्हणून वीज गेली.’ कुणी बटण बंद केलं असेल, पंखा बिघडला असेल. उत्तरांग (‘तर’नंतरचा भाग) खरं आहे म्हणून पूर्वांग (‘तर’च्या आधीचा भाग) खरं ठरत नाही. तसंच ‘वीज गेलेली नाही, म्हणून पंखा चालूच असणार’ हेही चालत नाही. चालतात त्या दोनच वाटा: वीज गेली, म्हणजे पंखा बंद, पंखा चालू आहे, म्हणजे वीज गेलेली नाही.

ही चूक आजची नाही. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतलं नेहमीचं अनुमान आहे: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. व्याप्ती, म्हणजे त्यामागचा कायमचा संबंध, अशी की जिथे धूर तिथे अग्नी. ती उलटी करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं की अनुमान कोसळतं, आणि त्यासाठी नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या पंडितांनी) दिलेलं उदाहरण मला फार आवडतं: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपणही लागतं. या राहून गेलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. जर-तरचं विधान उलटवण्याचा मोह झाला की हा गोळा आठवा.

पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये याच गोंधळावर एक कोडं मांडलं. आपल्या अक्षरांत ते असं होईल: चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम मोडला आहे का हे पाहायला कोणते पत्ते उलटावेच लागतील? बरेच जण अ आणि ४ सांगतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. कागदाचे चार तुकडे घेऊन हे स्वतः करून पाहा, नुसतं वाचून ते पटत नाही.

आता ‘तरच’. ‘७५ टक्के हजेरी असेल तरच परीक्षेला बसता येईल.’ ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाचा अर्ज फी न भरल्यामुळे नाकारला, तर हा नियम मोडला का? नाही. ‘तरच’मुळे जर-तरची दिशा उलटी फिरते: जो परीक्षेला बसला त्याची हजेरी ७५ टक्के असणार, एवढंच हा नियम सांगतो. ‘पदवीधरच अर्ज करू शकतात’ याचंही तसंच. त्यातून प्रत्येक पदवीधराला अर्ज करता येतो असं निघत नाही. वाक्यात ‘च’ दिसला की पेन्सिलीनं गोल करा, ही सवय खरंच कामाला येते.

‘सगळे… नाहीत’ या रचनेत मराठी आपल्याला चकवते. ‘सगळे आंबे हापूस नाहीत’ म्हणजे काही आंबे हापूस नाहीत. उत्तरपत्रिकेत मात्र त्याचं ‘एकही आंबा हापूस नाही’ होतं. निषेध करताना, म्हणजे विधान नाकारतानाही, पाय इथेच घसरतो. ‘सर्व गाड्या वेळेवर आल्या’ याचा निषेध ‘एकही गाडी वेळेवर आली नाही’ हा नव्हे. दहापैकी नऊ वेळेवर आल्या असतील तर ही दोन्ही विधानं खोटी ठरतात, आणि विधान व त्याचा निषेध एकाच वेळी खोटे असू शकत नाहीत. निषेध एवढाच: निदान एक गाडी वेळेवर आली नाही.

‘किंवा’बद्दल थोडक्यात: ‘चहा घेणार की कॉफी?’ यात एकच निवडायचं असतं. तर्कशास्त्रातल्या ‘किंवा’त दोन्ही खरी असायला हरकत नसते.

शेवटची चूक थोड्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांची. तर्कदोषांची नावं पाठ झाली की समोरच्याच्या बोलण्यात दोष दाखवायचा आणि त्याचा निष्कर्षच खोटा ठरवून मोकळं व्हायचं. दोष सापडला याचा अर्थ त्या कारणानं तो निष्कर्ष सिद्ध झाला नाही, इतकाच. ‘सगळे म्हणतात म्हणून पृथ्वी गोल आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही, पण पृथ्वी गोलच आहे. अशा वेळी निष्कर्ष बाजूला ठेवून त्याला दुसरा, भक्कम आधार मिळतो का ते शोधा. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तो दिला होता: चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड नेहमी वक्रच दिसते.