झेड-३ मधला उलटा वारा असा थांबवला

माझ्या झेड-३ गाडीचा टप उघडून ऑटोबानवर (जर्मनीतल्या महामार्गावर) गेलं की वारा समोरून नाही, मागून मानेवर आदळायचा. समोरच्या काचेवरून गेलेली हवा डोक्यामागच्या कमी दाबाकडे वळून आत शिरते, म्हणून अडवायची तीही मागेच. मर्सिडीजने १९८९च्या एसएल या उघडणाऱ्या टपाच्या गाडीला यासाठीच जाळी दिली होती.

माझ्या जुन्या बीएमडब्ल्यू झेड-३ला सीटांमागे रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानी) आहेत. त्यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिकचं पारदर्शक तावदान बसवलं. भोकं पाडायची गरज नाही, रबर लावलेले क्लॅम्प पुरतात. स्क्रू हातानेच, आळीपाळीने आवळा. एकीकडे जोर दिला तर अ‍ॅक्रिलिक तडकतं. शेवटचं आवळण्याआधी टप पूर्ण उघडून-मिटून बघाच, कुठे घासता कामा नये.

आता ताशी १०० किमीलाही बायकोशी न ओरडता बोलता येतं. केसांचं भिरभिरणं पूर्ण थांबत नाही, पण मान आखडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.