डावीकडचं कव्हर उघडा: गिअरलेस स्कूटरचा बेल्ट, रोलर आणि क्लच स्वतः कसं तपासायचं

स्कूटरच्या डाव्या बाजूला मागच्या चाकापर्यंत जे लांबट कव्हर जातं ना, ज्याच्यावर किक असते, त्याच्या आत काय आहे हे बऱ्याच जणांनी गाडी विकेपर्यंत बघितलेलं नसतं. इंजिन ऑइल वेळेवर बदलतात, हवा चेक करतात, पण आत एक रबरी बेल्ट आहे आणि त्याच्यावरच आपण रोज फिरतोय हे तो तुटल्यावरच कळतं. मला ते ताम्हिणी घाटात कळलं. पाऊस, चढ, मागे आई बसलेली, आणि खाडकन आवाज आला. इंजिन एकदम व्यवस्थित चालू, अ‍ॅक्सिलरेटर दिला की आवाज वाढतोय पण चाक जागचं हलत नाही. शेवटी एका टेम्पोत घालून गाडी खाली आणली. घरी येऊन कव्हर काढलं तर आत काळ्या दोऱ्यांचा गुंता, क्लचभोवती घट्ट गुंडाळलेला, आणि बेल्टचे दात तुटून खाली पडलेले. सर्व्हिसिंग दर वेळी झालं होतं, बिलं पण होती, फक्त हे कव्हर कोणी उघडलं नव्हतं. तेव्हापासून मी ते दर ५-६ हजार किलोमीटरला स्वतः उघडतो आणि तुम्ही पण उघडावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात अवघड असं फार काही नाही.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे आवाजावरून दोष ओळखता येतो. पुढे इंजिनच्या शाफ्टवर एक पुली, मागे चाकाजवळ दुसरी, मध्ये बेल्ट. पुढच्या पुलीच्या आत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, बहुतेक गाड्यांना ६ रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन प्लेटा जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो, मग मागची पुली स्प्रिंगचा जोर मोडून उघडते आणि तिथे बेल्ट आत उतरतो. झाला गिअर बदलून, आपल्याला कळत पण नाही. मागच्या पुलीवरच क्लच शू असतात, स्पीड वाढला की ते बाहेर फाकून क्लच बेलला, म्हणजे त्या स्टीलच्या वाटीला धरतात आणि चाक फिरायला लागतं. आपल्याकडे हा प्रकार कायनेटिक होंडाने घराघरात नेला, ती भागीदारी १९८४ची, आणि आजच्या अ‍ॅक्टिवा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेसमध्ये पण मूळ कल्पना तीच आहे.

आता दोष ओळखताना एकच प्रश्न विचारायचा, त्रास कधी होतो? मेकॅनिककडे जाऊन नुसतं आवाज येतोय म्हणलात तर तो पूर्ण सेट बदलायला सांगेल आणि बिल वाढेल. गाडी सुटताना थरथरते, सिग्नलवरून निघताना हादरे देते आणि २० च्या पुढे गेली की गुळगुळीत होते, तर बहुतेक वेळा क्लच शू आणि बेल, तिथे धूळ बसलेली असते नाहीतर शू चकचकीत झालेले असतात. उभी असताना पुढून कडकड कडकड येतं आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की बंद होतं, तर रोलर किंवा बॅकप्लेटच्या, म्हणजे रोलरच्या मागच्या प्लेटच्या, प्लास्टिकच्या स्लायडर झिजल्यात. पिकअप ठीक पण आधी जो टॉप स्पीड लागायचा तो लागत नाही, तर बेल्ट रुंदीला कमी झालाय, कारण अरुंद बेल्ट पुढच्या पुलीत पूर्ण वर चढतच नाही. इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही, विशेषतः चढावर, तर बेल्ट किंवा क्लच स्लिप होतोय. आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर, जी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी राहते, ती बेल्टची नाही, ती मागच्या गिअरबॉक्सची नाहीतर बेअरिंगची, तिथे रोलर बदलून पैसे घालवू नका. मेन स्टँडवर गाडी चालू ठेवली की मागचं चाक हळू फिरतं त्याला घाबरायचं कारण नाही, पण जमिनीवर असताना अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी पुढे ओढत असेल तर आयडलिंग जास्त आहे किंवा क्लचच्या छोट्या स्प्रिंग ढिल्या पडल्यात.

उघडायचं कसं. गाडी पूर्ण थंड, मेन स्टँडवर, चावी काढून खिशात. कव्हर काढलेलं असताना इंजिन चालू करून बघायचा मोह अजिबात नको, त्या पुलीत बोट गेलं तर बोट जातं. कव्हरचे बोल्ट बहुतेक ८ नंबरच्या टी-पान्याने निघतात, सगळे एका लांबीचे नसतात म्हणून मी पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढतो आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवतो. कव्हर चिकटलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, सुटतं. कव्हर बसवायच्या छोट्या पिना आणि गॅस्केट सांभाळा. आत जी काळी धूळ दिसेल ती तोंडाने किंवा कंप्रेसरने उडवू नका, ती बेल्टच्या रबराची आणि क्लचच्या लायनिंगची धूळ आहे, नाकातोंडात जाता कामा नये. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. धुळीऐवजी ऑइल दिसलं तर मात्र थांबा, पुढे ऑइल म्हणजे क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या शाफ्टचं, सील गेलंय, मागे ऑइल म्हणजे गिअरबॉक्सचं, ते सील आधी बदला, नाहीतर नवा बेल्ट पण खराब होईल.

पुढचा नट सोडवताना पुली अडवायला होल्डर टूल मिळतं, ते घ्याच. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या प्लेटवर पंखा असतो, त्याच्या पात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट मारणारे बघितलेत मी, पाती अ‍ॅल्युमिनियमची असतात, कट्टकन तुटतात आणि मग पूर्ण प्लेट नवीन घ्यावी लागते. मागे बेल तशीच अडवून नट काढा, बेल निघाली की क्लच आणि पुली बेल्टसकट एकत्र बाहेर येतात. त्या क्लचच्या मधला मोठा नट मात्र घरी खोलू नका, त्याच्या मागे मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते, नट सुटला की ती सगळं उडवते, ते काम गॅरेजचंच.

बेल्ट हातात घ्या आणि दात बाहेर येतील असा उलटा वाकवा. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसतील, सरळ असताना त्या अजिबात दिसत नाहीत. भेग दिसली, कडेचे दोरे सुटलेले दिसले किंवा कड काचेसारखी चकाकत असली की बेल्ट बदला, अजून थोडे दिवस चालवू असं करू नका. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, असेल तर रुंदी मोजा, मॅन्युअलमध्ये कमीत कमी किती पाहिजे ते दिलेलं असतं. वरून ठीक दिसला तरी २०-२५ हजार किलोमीटरच्या आसपास मी बदलून टाकतो, मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचा आकडा बघा आणि तो पाळा. इथे ओरिजिनलच घ्या, स्वस्त बेल्टने वाचलेले दोन-तीनशे घाटात एका टेम्पोत जातात.

व्हेरिएटर बाहेर ओढताना मागची बॅकप्लेट बोटांनी दाबून धरा, नाहीतर सगळे रोलर आत सांडतात आणि कुठला कुठे होता ते कळत नाही. रोलर एकेक घेऊन अंगठ्याच्या नखावरून फिरवा. चांगला रोलर सरळ घरंगळतो, झिजलेल्याला एका जागी सपाट पट्टा पडलेला असतो आणि नख तिथे टक्क करून अडतं. एक जरी सपाट झाला असेल तरी सहाच्या सहा बदला, त्याच वजनाचे. हलके रोलर टाकून पिकअप वाढवायचे सल्ले मिळतील, पिकअप वाढतो पण इंजिन कायम चढ्या आवाजात फिरतं आणि पेट्रोल जास्त खातं, रोजच्या ऑफिसच्या गाडीला मी ते करणार नाही. ग्रीसच्या बाबतीत मॅन्युअल सांगेल तेवढंच, तिथे काही लिहिलं नसेल तर रोलर कोरडेच ठेवा, कारण जास्तीचं ग्रीस फेकलं जाऊन बेल्टला लागतं.

क्लच शूंवर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून ती घालवा, बेलच्या आतून पण घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोलने बेल्ट आणि शू धुवायचे नाहीत, गॅरेजमध्ये सर्रास धुतात म्हणून मुद्दाम सांगतोय. बेलवर निळसर जांभळे डाग दिसले तर ती तापलीय, आणि ती तापते चालवण्याच्या सवयीने. चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेक न धरता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात ना, ते बंद करा. घाट उतरताना उलटी गोष्ट होते, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून एकदम हळू झालात की क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी पळायला लागते, अशा वेळी किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन सोडला की क्लच परत धरतो आणि इंजिनचा ब्रेक मिळतो.

बसवताना सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. मागच्या पुलीच्या प्लेटा हाताने फाकवा आणि बेल्ट खोल आत दाबा, म्हणजे पुढे बेल्ट ढिला पडतो. मग पुढची बाहेरची प्लेट बसवा आणि ती शाफ्टच्या उभ्या खाचांमध्ये बसून मधल्या बुशला, म्हणजे शाफ्टवरच्या नळीला, पूर्ण टेकली का ते बघा. बेल्ट ताणलेला असेल तर तो प्लेट आणि बुशच्या मध्ये चिमटला जातो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण झालेला नसतो, आणि १००-२०० किलोमीटरमध्ये नट ढिला होऊन शाफ्टच्या त्या खाचा खराब होतात. ती दुरुस्ती म्हणजे क्रँक, खर्चाचं विचारू नका. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. किकच्या गिअरला थोडं ग्रीस लावा, कव्हर बंद करा आणि आधी किकने दोन-चार वेळा फिरवून बघा, मग स्टार्ट.

पावसाळ्याचं एक. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर गाडी इंजिन ओरडून पण पळत नसेल तर आत पाणी गेलंय आणि बेल्ट घसरतोय. तशीच रेटू नका, बेल्टच्या कडा जळतात. थोडा वेळ उभी करा, घरी आल्यावर कव्हर काढून पुसून वाळवा, गिअर ऑइल पण बघून घ्या, दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. हे गिअर ऑइल म्हणजे इंजिन ऑइल नाही, मागच्या चाकाजवळ वेगळा ड्रेन बोल्ट असतो, बऱ्याच गाड्यांना १०० ते १२० मिली लागतं, म्हणजे चहाच्या एका कपाएवढं. ते बदललं का असं सर्व्हिसिंगला नाव घेऊन विचारा, आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन टाकायला सांगा, नाहीतर तिथून थेंब थेंब गळून मागच्या टायरवर येतं.